गोऱ्याचं गाणं

मी पुलगाव सोडलं त्या सकाळी स्टेशनावर बँड वाजत होता. गाडीत कुणी पुढारी नव्हता की नवरदेव नव्हता. बँड माझ्या बाचा होता आणि निघालो होतो मी. एक कॉर्नेट, दोन क्लॅरिनेट, खांद्यावर घ्यायचा पितळी भोंगा, एक लहान ड्रम आणि पोटावर बांधायचा मोठा ढोल, एवढा आमचा ताफा. त्या दिवशी क्लॅरिनेट मात्र एकच वाजत होती, कारण दुसरी माझ्या ट्रंकेत धोतरात गुंडाळून ठेवलेली होती.

बानं वरातीतला लाल कोट घातला होता. गिरणीतली ओळखीची माणसं, दारूगोळ्याच्या डेपोतले शिपाई, कापसाचे दलाल, सगळे माना वळवून पाहत होते. मी एकतीस वर्षांचा, एका मुलीचा बाप. लाजेनं जमिनीकडे पाहत उभा होतो.

"बा, पुरे कर ना. लोक पाहून राह्यले."

बानं कॉर्नेट ओठांवरून काढलं. "पाहू दे ना बे! दुनियेच्या पोट्ट्यायले वाजवत पोचवतो, माह्या पोट्ट्याले मुक्यानं पोचवू काय?"

माझा चुलतभाऊ सदू ढोलावर होता. तो म्हणाला, "काका, ह्याले हळदही लावाले पायजे होती." सगळे हसले. माझी बायको मुलीला कडेवर घेऊन मागे उभी होती, तीही पदराआड हसली. मग गाडीनं झटका घेतला आणि बा खिडकीबरोबर चालू लागला. "चिठ्ठी टाकजो. अन् मान वर ठेवून वाजवजो. मान खाली गेली का फुंक सांडते." एवढं बोलून त्यानं पुन्हा कॉर्नेट लावलं आणि ताफ्यानं गोऱ्याचं गाणं धरलं. फलाट मागे जाईपर्यंत ते ऐकू येत होतं.

त्या गाण्याच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते मला सांगायचं आहे. पुलगावला मागे राहिलेल्यांना, आणि माझ्यासारखे गाडीत बसून निघून गेलेल्यांनाही.

लढाई संपल्यावर डेपोतला एक गोरा साहेब मायदेशी परत जायला निघाला. त्याच्या निरोपाला आमचा बँड होता. बाचं वाजवणं आवडलं म्हणून त्यानं आपला चावीचा ग्रामोफोन आणि सहा रेकॉर्डी बाला देऊन टाकल्या. आमच्या पत्र्याच्या घरात वैशाख काढायचा म्हणजे माणसाचेच हाल, तिथे लाखेच्या तबकड्यांची काय कथा. पाच तबकड्या पहिल्याच उन्हाळ्यात पापडासारख्या वाकल्या. बाच्या उशाखाली, गोधडीत ठेवलेली तेवढी सहावी वाचली. तिच्यावरचा कागद घासून गेला होता, नाव वाचता येत नव्हतं. म्हणून ते गोऱ्याचं गाणं.

ते एका मोठ्या अमेरिकी बँडचं होतं, हे मला फार पुढे कळलं. एकदम किती माणसं फुंकतात हे आम्हाला मोजता यायचं नाही. बानं ते एका उन्हाळ्यात बसवलं. निंबाखाली सगळे बसायचे, चावी भरायची, एक ओळ ऐकायची, सुई उचलायची आणि ती ओळ वाजवायची. नोटेशन आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. बानं ओळी वाटून दिल्या. वरची चाल कॉर्नेटला, तिच्याभोवती फिरणारी नक्षी आम्हा दोन क्लॅरिनेटना. भोंगा वाजवायचा माझा मारोतीमामा. त्याचे पुढचे दोन दात गेले होते, त्याला उंच सूर निघत नसत. बा त्याला म्हणाला, "तुले खालची ओळ देतो मारोती. लांब लांब फुंकजो. घाई करू नको." मी तेव्हा म्हटलं होतं, "बा, ही ओळ तर मले ऐकूच येत नाई." बा म्हणाला, "येईल."

ते गाणं संथ होतं. जड पावलांनी, थांबत थांबत चालणारं. वरात नवरीच्या दारी पोचायला चाळीस-पन्नास पावलं उरली की बा हात वर करायचा आणि आम्ही ते धरायचो. आर्वीपासून देवळीपर्यंत बायकांना ती खूण माहीत झाली होती. गोऱ्याचं गाणं ऐकू आलं की आतून आवाज यायचा, "आली व माय वरात, आरती घ्या!" नवरदेव आत जायचा. आम्ही बाहेरच थांबायचो, सगळ्यांच्या पंगती उठल्या की गोठ्याच्या बाजूला आमची पानं पडायची. तशी रीत होती. मी पुलगाव का सोडलं हे कुणी विचारलं तर गिरणीतली पाळी परवडत नव्हती असं मी सांगत आलो. खरं कारण ते गोठ्याजवळचं पान होतं. बानं ते आयुष्यभर मान वर ठेवून खाल्लं. मला ते जमत नव्हतं.

मुंबईत मला फोर्टातल्या एका रेकॉर्डीच्या दुकानात काम मिळालं. तबकड्या पुसायच्या, लावून दाखवायच्या, बिघडलेले ग्रामोफोन उघडून दुरुस्त करायचे. तिथे माझ्या आधीपासून पिंटो होता. दिवसा दुकानात, संध्याकाळी एका हॉटेलच्या डान्स बँडमध्ये सॅक्सोफोनवर. जॅझ हा शब्द मी त्याच्याकडून शिकलो. मला यायला वर्ष होत आलं असेल. एका गिऱ्हाइकानं एक रेकॉर्ड मागितली आणि पिंटोनं ती लावली. मी खाली बसून गठ्ठे सोडत होतो. काहीतरी उड्या मारत, खिदळत चाललं होतं. मी लक्ष दिलं नाही. मग क्लॅरिनेटची ती नक्षी आली आणि माझी बोटं गठ्ठ्याच्या सुतळीवर आपोआप हलायला लागली.

ते गोऱ्याचं गाणं होतं. पळत होतं.

मला कारण समजायला वेळ लागला नाही, कारण मी तेच काम करत होतो. साहेबाच्या ग्रामोफोनची स्प्रिंग मेलेली होती आणि आतलं वंगण आमच्या उन्हात वाळून डिंकासारखं झालं असणार. तबकडीनं मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घ्यायचे, ती आमच्याकडे साठ घेत असेल. चाल मंदावली होती आणि सूरही खाली उतरले होते. आम्ही ते जसंच्या तसं उचललं आणि इतकी वर्षं वाजवलं.

मी पिंटोला हे सांगितलं. आमच्या गावचा बँड हे गाणं कसं वाजवतो ते तोंडानं करून दाखवलं. पिंटो हसता हसता काउंटरवर वाकला. "क्या मेन! ये तो फॉक्सट्रॉट है. लोग नाचते हैं इस पे. तुम्हारे उधर मय्यत में बजाते हैं क्या?" मीही हसलो. बाचा लाल कोट, फुगलेले गाल, सगळं करून दाखवलं. गिऱ्हाईकही हसलं.

आणि त्या संध्याकाळी मी घरी पत्र लिहिलं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. "बा, आपण इतकी वर्षं हे गाणं चुकीचं वाजवत आहोत. आपली मशीन बिघडलेली आहे. खरं गाणं फार जलद आहे. इथे जाणकार लोकांना सांगितलं तर ते हसले. तरी हे गाणं बंद करावं, नाहीतर कुणी कळणारा भेटला तर शोभा होईल."

बाला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं सदू वाचायचा, निंबाखाली, रियाजाला सगळे जमले की सगळ्यांसमोर. हे मला माहीत होतं. लिहिताना मला ते आठवलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो, पण ते खरं नाही. मला आठवलं होतं. आपण मुंबईत राहून शहाणे झालो हे सगळ्यांनी ऐकावं असं मला वाटत होतं.

सदूचं उत्तर आलं. तीन ओळी. "पत्र वाचलं. काका बरं म्हणाले. गाणं बंद केलं आहे." पुढे माझी बायको मुलीला घेऊन मुंबईला आली, तेव्हा बाकीचं तिनं सांगितलं. बानं ग्रामोफोन आणि ती तबकडी पेटीत घालून पेटी फळीवर चढवली होती. लग्नांत लोक विचारायचे, "काऊन जी, गोऱ्याचं गाणं नाई वाजवलं?" बा सांगायचा, "ते चुकीचं होतं." एवढंच. कुणावर रागावायचा नाही, माझ्यावरही नाही. ते ऐकून मला वाटलं की एखादी शिवी चालली असती.

मी रेकॉर्डी ऐकत राहिलो. जवळजवळ आठ वर्षं झाली, दिवसातले सहा-सात तास. माझी काही मतं झाली आहेत, ती पिंटोला पटत नाहीत. काही मोठे बँड नुसते ओरडतात. चार-पाच ट्रम्पेट एकदम कळसावर चढतात आणि गिऱ्हाईक म्हणतं वा! मला अशा वेळी अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन वराती आठवतात. दोन्ही बँड एकमेकांवर चढून वाजवतात, त्यात ईर्षा खरी असते, गाणं कुठेच नसतं. काही बँड नुसते गोड असतात. पाक पातळ झालेल्या जिलेबीसारखे, हाताला चिकटतात आणि पोट भरत नाही. पिंटोचा जीव अलीकडच्या छोट्या ताफ्यांवर आहे. चार-पाच जण, विजेसारखे धावणारे. मला पहिली दोन वर्षं त्यात नुसता गोंधळ ऐकू आला. मग एका दुपारी कळलं की ती घाई नाही, ती हुशार माणसांची बातचीत आहे, आणि मला त्यातला क्लॅरिनेटवाला ऐकू यायला लागला. आता मी त्यांनाही मान देतो. तबकड्याही आता लांब आल्या आहेत, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्यांत वाजवणाऱ्याला पाय पसरायला जागा मिळते, हे खरं. पण जुन्या तबकडीतल्या तीन मिनिटांत माणूस पाल्हाळ लावू शकत नव्हता, हेही खरं. मला अजून त्याच आवडतात.

सगळ्यांत मोठा कोण, असं कुणी विचारलं तर मी एका बँडमास्तराचं नाव घेतो. तो पियानोवर बसतो आणि फार वाजवत नाही. त्याची गोष्ट पिंटोनं मला सांगितली. तो म्हणे ट्रॉम्बोनसाठी, म्हणजे त्यांच्याकडच्या लांब भोंग्यासाठी, ओळ लिहीत नाही, ट्रॉम्बोनवर बसणाऱ्या त्या एका माणसासाठी लिहितो. कुणाचा श्वास आखूड, कुणाला वरचा सूर निघत नाही, कुणाचा आवाज घोगरा, ते बघून लिहितो. म्हणून त्याच्या बँडचा आवाज दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. हे मी गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवलं असेल. पण ऐकवताना मला एकदाही मारोतीमामाचे दात आठवले नाहीत.

ते आठवले एका दुपारी. दुकान जेवणासाठी बंद होतं. पिंटोच्या हॉटेलच्या बँडला ते गोऱ्याचं गाणं हवं होतं आणि त्याचे नोटेशनचे कागद मिळत नव्हते. असं झालं की हे लोक रेकॉर्डीवरून ऐकून लिहून काढतात. त्यासाठी पिंटोनं चावीचा ग्रामोफोन घेतला आणि वेगाची कळ मागे ओढली. तबकडी मंद झाली.

फोर्टातल्या त्या दुकानात पुलगाव आलं. तीच चाल, तेच जड पाऊल. मी डबा उघडत होतो, तो तसाच हातात राहिला.

पिंटो लिहिता लिहिता थांबला. सुई मागे घेतली, पुन्हा लावली. "अरे, ये नीचे कौन है? ट्रॉम्बोन? ये लाइन किधर छुपा था, मेन? इतने साल से ये रेकॉर्ड बेचता हूँ, कभी सुना नहीं."

मला ती ओळ माहीत होती. पुढची ओळ अजून आली नव्हती, ती मी तोंडानं म्हणून दाखवली. मग त्यापुढची. लांब लांब फुंकायची, घाई न करता. पिंटो माझ्याकडे बघत राहिला. "तेरे को कैसे मालूम?"

"आमच्याकडे हे भोंग्यावर वाजवतात," मी म्हटलं. "माझ्या बानं काढलं."

पिंटो ह्या वेळी हसला नाही. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "तेरा बाप पढ़ा-लिखा है? नोटेशन?"

"नाही."

"जीझस," तो म्हणाला, आणि सुई उचलत, "उस दिन हम लोग हँसा था ना? गलत हँसा."

मशीन बिघडलेली होती हे खरंच होतं. पण त्या बिघडलेल्या मशीनवर बानं जे ऐकलं ते मुंबईतल्या नीट चालणाऱ्या मशीनवर कुणाला ऐकू आलं नव्हतं, मलासुद्धा नाही. आणि जे मला ऐकू येत नव्हतं ते मी सगळ्यांसमोर चूक म्हणून जाहीर केलं होतं.

त्याच दिवशी लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. दोनदा कार्ड घेतलं, वरचा पत्ता लिहिला आणि खिशात ठेवून दिलं. माफी मागायची तर तीही निंबाखाली सगळ्यांसमोर वाचली जाणार, आणि सदू वाचताना मध्ये थांबून काहीतरी बोलणार. मला त्याचीच भीती वाटत होती. असं वर्षाहून जास्त गेलं.

मग नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या वस्तीतली झाडून सगळी माणसं गेली होती, बा आणि मारोतीमामाही. मुंबईत आम्ही आमच्या चाळीतल्या लोकांबरोबर नंतर घेतली. काही महिन्यांनी सदूचं पत्र आलं. लांबलचक होतं. "गंगाधरदादा, आपल्या सुमीचं लग्न ठरलं," असं त्यानं लिहिलं होतं. सुमी माझी सर्वांत धाकटी बहीण. पुढे लिहिलं होतं, "आरत्या आणि देवाची गाणी आपण सोडली. काकांनी सांगितलं, दुसऱ्याच्या दारात बाहेर उभं राहून वाजवणंही सोडलं. जो आत बोलावेल त्याच्याकडेच वाजवायचं. ते ठीक आहे. पण आता बँडजवळ वाजवायला काय उरलं? सिनेमाची चार गाणी. सुमीच्या लग्नात काय वाजवू ते तूच सांग. तू जाणकार आहेस." शेवटचं वाक्य सदूनं मुद्दाम घातलं होतं आणि ते बरोबर जागी लागलं.

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. "सदू, हे पत्र निंबाखाली सगळे जमल्यावर मोठ्यानं वाच. बा, गोऱ्याचं गाणं चुकीचं नव्हतं. चूक माझी होती. मी इथे लोकांसमोर तुझ्यावर हसलो आणि मग तुला तसं पत्र लिहिलं. मारोतीमामाची ओळ त्या रेकॉर्डवर आहे. इथल्या जाणकार माणसाला ती इतकी वर्षं ऐकू आली नव्हती. त्या गाण्यात कुठला देव नाही आणि कुणाचं दार नाही. सुमीच्या लग्नात ते वाजवता येईल का?"

उत्तर आलं नाही. मी रजा घेतली, नवी स्प्रिंग आणि वंगणाची डबी घेतली, क्लॅरिनेट घेतली, आणि बायको-मुलीसह पुलगावच्या गाडीत बसलो. बा काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं.

घरी पोचलो तर बा निंबाखाली बसला होता, हातात एक छडी. तोंड आत गेलेलं. वरचे दात पडले होते. दात नसले की कॉर्नेट लागत नाही. बायको हे मला बोलली नव्हती, तिलाही माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या पत्रानंतर ते गाणं बाच्या कॉर्नेटवर पुन्हा कधी वाजलं नव्हतं आणि आता वाजणारही नव्हतं. ही एक गोष्ट मला परत करता आली नाही, येणारही नाही.

मी पाया पडलो. बा म्हणाला, "वाळून गेला बे. खात नाई काय तिकडं?" मग, "सद्यानं पत्र वाचलं. दोनदा वाचाले लावलं."

सदू मागून म्हणाला, "तीनदा. तिसऱ्यांदा मारोतीमामानं वाचाले लावलं. आपलं नाव आलं म्हून."

"मंग बा?" मी विचारलं.

"मंग काय? पह्यल्या पत्रात जे लिवलं तेही खरंच होतं ना? मशीन बिघडली होती का नाई?"

"होती."

"तं मले ते नीट ऐकव. कसं हाय ते पाहू दे."

फळीवरची पेटी काढली. मी ग्रामोफोन उघडला, डिंक झालेलं वंगण खरडून काढलं, नवी स्प्रिंग बसवली. तबकडीखाली कागदाचा कपटा ठेवून घड्याळावर फेरे मोजले. बरोबर अठ्ठ्याहत्तर. सगळा ताफा भोवती बसला. मी सुई ठेवली आणि गोऱ्याचं गाणं पळत सुटलं. बा डोळे मिटून ऐकत होता. तबकडी संपल्यावर सुई खरखरत राहिली.

"चांगलं हाय," बा म्हणाला. "पोट्टे तयारीचे हायत. पर इतकी घाई कायले? गाडी सुटून राह्यली काय त्यायची?"

मारोतीमामा हसून लोळायचा बाकी राहिला. "अन् माही ओळ कुठं गेली? गाडीत बसली काय?"

"तुही ओळ हाय त्याच्यात," बा म्हणाला. "त्यायले थांबाले टाइम नाई, म्हून ऐकू येत नाई." मग त्यानं छडी उचलली. "चला. आता आपलं. गंग्या, कॉर्नेटची ओळ तू घेजो."

मी क्लॅरिनेट जोडली. बानं छडीनं निंबाच्या मुळावर ठेका दिला, जुना, जड. पहिल्या दोन ओळी आम्ही चाचपडलो. तिसऱ्या ओळीला भोंगा खालून आला आणि गाणं उभं राहिलं. बाची ओळ माझ्या तोंडून निघत होती. मला पुढचं दिसत नव्हतं, डोळे भरले होते, आणि मान केव्हा खाली गेली ते कळलं नाही. छडी माझ्या हनुवटीखाली आली.

"मान वर. फुंक सांडून राह्यली."

सुमीच्या लग्नात आम्ही ते वाजवलं. आमचाच मांडव होता. नवरदेव दारातून आत गेला आणि त्याच्या मागून वाजवत वाजवत आम्हीही आत गेलो. मग पहिल्याच पंगतीत बसलो, लाल कोटांसकट. सदू पानावर म्हणाला, "दादा, इथं गोठा कोणत्या बाजूनं हाय?" कुणाला हसू आलं, कुणाला रडू.

आता मुंबईत परत येऊन बराच काळ झाला. माझं काम इथे आहे, मुलीची शाळा इथे आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या रेकॉर्डीही इथे आहेत. मी पुलगावला कायमचा परत जाईन असं आता म्हणत नाही. पूर्वी म्हणायचो, तेही खोटंच होतं. पण दुपारी दुकान बंद असताना कधी कधी मी ती तबकडी लावून ग्रामोफोनची कळ मागे ओढतो. चाल बसते, सूर उतरतात, आणि खालची ओळ येईपर्यंत मी वाट बघतो. ती आली की मी घरी असतो. पिंटोच्या हॉटेलातही आता ते एकदा मंद चालीत वाजवतात, शेवटच्या नाचाला. लोक एकमेकांना धरून हळूहळू फिरतात, असं तो सांगतो.

गेल्या महिन्यात बाचं कार्ड आलं. अक्षर सदूचं, शब्द बाचे. "आर्वीच्या एका लग्नात आत बोलावून वाजवायला लावलं. गाणं लोकांना आवडलं. एक शिकलेला माणूस आला अन् म्हणे, हे इंग्रजी गाणं कुठलं? म्या सांगितलं, पुलगावचं."